जखमी वन्यजीव सापडला तर: कोकण किनाऱ्यावर पहिल्या तासापासून परत सोडेपर्यंत

मृग लागून नैऋत्येचा वारा जोर धरू लागला की कोकणच्या पुळणींवर बरंच काही येऊन पडतं. ओंडके, थर्माकोल, डांबराचे गोळे, तुटक्या जाळ्यांचे भारे. त्यांच्यातच कधी एखादं जिवंत कासव असतं, नाहीतर वादळात भरकटून उडायची ताकद संपलेला समुद्रपक्षी. पावसाळा सरला की विहिरीत पडलेल्या बिबट्यांचे फोन सुरू होतात. शिमग्याच्या आगेमागे सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, वणवे लागतात, मे महिन्यात घरं शाकारायला माणसं वर चढली की माळ्यावर कांडेचोराची (उदमांजराची) पिल्लं सापडतात. वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही.

अशा प्राण्याला भेटणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो, वनरक्षकही नसतो. तो रापण ओढायला आलेला मच्छीमार असतो, बागेला शिपणं करायला निघालेली बाई असते, शाळेच्या वाटेवरची मुलं असतात. उपचाराची सोय बहुतेक गावांपासून काही तासांच्या अंतरावर असते. तोवर प्राणी ज्याच्या हातात असतो तोच त्याचा डॉक्टर. चांगल्या मनाने पाजलेलं दूध, डोक्यावर ओतलेली पाण्याची बादली, 'जा बाळा' म्हणून समुद्रात परत ढकललेलं अर्धमेलं कासव, यांनी किती जीव गेलेत ते या कामातल्या कुणालाही विचारा. म्हणून हा लेख त्या पहिल्या माणसासाठी आहे, आणि जो पुढे जाऊन या कामात उतरू इच्छितो त्याच्यासाठीही.

आधी लांबून बघा

प्राणी दिसला की लगेच उचलू नका. दहा-पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा. रक्त दिसतंय का, पंख किंवा पाय लोंबतोय का, माशा घोंघावतायत का, श्वास तोंड उघडून चालला आहे का, कुत्रं किंवा मांजर जवळपास आहे का? यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा त्या जिवाला तुमची गरज नसते.

सगळ्यात जास्त घोळ पक्ष्यांच्या पिल्लांबाबत होतो. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू घरट्यातून पडलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि त्याचे आईबाप वरच्या फांदीवरून त्याला भरवत असतात. कुत्र्या-मांजरांपासून वाचवायला त्याला जवळच्या झुडपात उंच ठेवा आणि तिथून निघून जा. पिसं न आलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवायला हवं. घरटं वाऱ्याने पडलं असेल तर तळाला पाणी निथळायला भोकं असलेली लहान टोपली त्याच झाडाला बांधा, आत सुकं गवत घाला, पिल्लू ठेवा आणि दोन तास लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे सांगतात. ते खरं नाही. पक्षी पिल्लू ओळखतात ते मुख्यतः आवाजाने आणि जागेने.

माळ्यावरची कांडेचोराची पिल्लं, गवत कापताना सापडलेली रानमांजराची पिल्लं यांनाही हाच न्याय. ती अनाथ नसतात, आई भक्ष्याला गेलेली असते. पिल्लं उघड्या खोक्यात ठेवून खोका त्याच जागी, फार तर दोन-चार हात बाजूला ठेवा, दिवे बंद करा, घरातल्या कुत्र्याला बांधा. आई रात्री येऊन एकेकाला मानेला धरून नेते. सकाळी पिल्लं तिथेच असतील तर मग फोन करा.

याला एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, नाहीतर अजिबात दिसली नाही, तरी त्याला डॉक्टर हवाच. मांजराच्या दातांवरचे जंतू एक-दोन दिवसांत त्याचा जीव घेतात.

फोन कुणाला आणि काय सांगायचं

महाराष्ट्र वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या. त्यासोबत आपल्या तालुक्याच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांचा, आपल्या बीटच्या (गावाच्या वनभागाच्या) वनरक्षकाचा आणि जवळच्या माहीतगार सर्पमित्राचा नंबर आधीच मिळवून ठेवा. प्राणी समोर तडफडत असताना नंबर शोधत बसण्यात फार वेळ जातो. समुद्री जिवांसाठी वन विभागाचाच कांदळवन कक्ष आहे. उत्तर कोकणात डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र अनेक वर्षं चालू आहे आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे.

फोनवर चार गोष्टी सांगा: प्राणी कोणता किंवा कसा दिसतो, नेमका कुठे आहे, काय झालेलं दिसतंय, आणि आता तो कोणत्या अवस्थेत आहे. मोबाईलवरून लोकेशन आणि दोन फोटो पाठवा. एक फोटो संपूर्ण अंगाचा, एक जखमेचा. यावरून समोरच्याला कोणती गाडी, कोणता पिंजरा, कोणता डॉक्टर हवा ते ठरवता येतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा या सगळ्याला लागू आहे. असा प्राणी तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी तर म्हणेन त्याच तासाला कळवा. 'बरा झाला की सोडू' म्हणून पोपट, घुबड किंवा घोरपड घरी ठेवणं हा गुन्हा आहे. शिवाय असा जीव क्वचितच परत जंगलात जगण्याच्या लायकीचा राहतो.

एक खोका, एक चादर

लहान पक्षी आणि लहान प्राणी यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याइतकं चांगलं साधन नाही. तारेचा पिंजरा वापरू नका, त्यात पंखांची पिसं मोडतात आणि घाबरलेला प्राणी स्वतःचं तोंड फोडून घेतो. खोक्याला बाजूने, खालच्या अंगाला हवेसाठी भोकं पाडा. ती प्राणी आत ठेवण्याआधी पाडा. तळाला जुनी सुती चादर चुरगाळून घाला म्हणजे पाय घसरत नाहीत. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात.

प्राण्यावर वरून चादर अलगद टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की बहुतेक पक्षी शांत होतात. मग पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला. शिकारी पक्षी असेल तर चोचीपेक्षा पायांची भीती धरा, घुबडाची आणि घारीची पकड हाडापर्यंत जाते. बगळा, वंचक, पाणकावळा यांच्या बाबतीत मात्र चोच सांभाळा, कारण ते सरळ डोळ्यांवर मारतात.

खोका बंद करून घरातल्या सगळ्यात शांत, अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. व्हिडिओ, मुलांना दाखवणं, शेजाऱ्यांची रांग हे सगळं टाळा. आपल्याला जो दिलासा वाटतो, डोक्यावरून हात फिरवणं, बोलणं, मांडीवर घेणं, तो त्या जिवाला भक्षकाच्या पंज्यात सापडल्यासारखा असतो.

आणि काहीही खाऊ-पिऊ घालू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. ड्रॉपरने किंवा चमच्याने पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध तर कुठल्याच पक्ष्याला पचत नाही. घरातली वेदनाशामक गोळी चुरून देण्याचा विचारही मनात आणू नका. डायक्लोफिनॅकसारख्या साध्या औषधाने गिधाडं कशी संपत आली हे आपण पाहिलं आहे. जनावरांवर त्याच्या वापराला २००६ साली बंदी आली, पण गेलेली गिधाडं परत आली नाहीत.

कासव: किनाऱ्यावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात

आपल्याकडे अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले, पूर्ण वाढ झालेलं साधारण ३५ ते ५० किलोचं. हिवाळ्यात रात्री पुळणीवर चढणारी धडधाकट मादी जखमी नसते, ती घरटं करायला आलेली असते. तिच्यावर टॉर्च मारू नका, तिला परत वळवू नका, फक्त वनरक्षकाला किंवा गावातल्या कासवमित्राला कळवा. भरदिवसा पाण्याच्या काठावर निपचित पडलेलं, पाठीवर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढलेलं कासव मात्र आजारीच असतं. त्याला समुद्रात परत ढकललं तर ते बुडून मरतं. हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलच्या भिंतीवर लिहावं असं मला वाटतं. कासव पाण्यात राहत असलं तरी त्याला फुप्फुसं आहेत, श्वासासाठी त्याला दर वेळी वर यावं लागतं, आणि ती ताकद त्याच्यात उरलेली नसते.

ट्रॉलरच्या जाळ्यातून वर आलेल्या कासवाचं असंच असतं. एकदा बंदरावरून पहाटे फोन आला. "दादा, कासव गावलाय जाळ्यात. मेलाय वाटतं, हालत नाय. पाण्यात टाकू?" मी म्हटलं, "नको भाऊ, टाकू नका, मी येतो." पोचलो तेव्हा मंडळींनी त्याला होडीच्या सावलीत आणलं होतं. मान लोंबलेली, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही त्याला पोटावरच ठेवलं आणि मागच्या बाजूखाली फळी सरकवून ती बाजू वीतभर उंच केली, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी तोंडावाटे निघून जावं. पाठीवर ओलं गोणपाट घातलं, नाकपुड्या उघड्या ठेवल्या. पापणीच्या कडेला बोटाने हलकेच स्पर्श केला तर डोळा जरासा आकसला. एवढीच काय ती खूण. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, दर थोड्या वेळाने येऊन कासव दोन्ही हातांनी अलगद डावी-उजवीकडे कलवत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अचानक मान वर उचलली गेली, 'हुश्श' असा मोठा श्वास सुटला आणि तोंडातून फेसाळ पाणी वाळूवर पडलं. तांडेल खाली बसला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

तर जाळ्यात बुडालेल्या कासवासाठी पद्धत हीच: सावली, पोटावर ठेवणं, मागची बाजू वीतभर वर, ओलं कापड, आणि धीर. चोवीस तासांपर्यंत आशा सोडायची नसते. उताणं पाडू नका, छातीवर दाबू नका, तोंडात पाणी ओतू नका, पाण्याच्या टाकीत ठेवू नका. उचलताना वल्ह्यांसारखे पाय धरून ओढू नका. एकाने कवचाची मानेमागची कड आणि दुसऱ्याने शेपटीकडची कड धरायची. तोंडासमोर बोटं नकोत, त्याचा जबडा खेकडे फोडतो.

समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्याच्या गुंत्यात अडकलेलं कासव असेल तर जाळं ओढू नका. ओढलं की उरलेला धागा आणखी रुततो. बोथट टोकाच्या कैचीने बाहेरून आत येत धागा कापत चला. नायलॉन मांसात रुतलेला असेल तर तेवढा तुकडा तसाच ठेवून त्यावर ओलं फडकं गुंडाळा आणि केंद्रात पाठवा. तोंडातून किंवा शेपटीखालून मासेमारीची दोरी बाहेर आलेली दिसली तर तीही खेचायची नाही. आत गळ असतो, आतडी कापली जातात. हातभर दोरी बाहेर ठेवून बाकीची कापा.

मच्छीमार बांधवांसाठी एक माहिती. संरक्षित समुद्री जीव जाळं कापून जिवंत सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. त्यासाठी जाळ्यात अडकलेल्या आणि सोडलेल्या जिवाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. त्यामुळे जाळं कापताना एकाने मोबाईल हातात ठेवावा.

पिल्लांबाबत थोडक्यात. वाळूतून बाहेर आलेली पिल्लं घमेल्यात पाणी घालून ठेवू नका. अंगातली ताकद त्यांना लाटा ओलांडून खोल पाण्यात जाण्यासाठी हवी असते, ती घमेल्यातच पोहून संपते. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे ती गावाकडे वळली असतील तर दिवे मालवा, मऊ ओल्या वाळूच्या टोपलीत घेऊन पाण्यापासून काही पावलं आधी ठेवा आणि त्यांना स्वतः चालू द्या.

वाऱ्याबरोबर आलेले पक्षी

जुलै-ऑगस्टमध्ये पुळणीवर बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा मोठा पांढरा-काळा पक्षी बहुधा मास्क्ड बूबी असतो. खोल समुद्रातला रहिवासी, वाऱ्याने ढकलत आणलेला. त्याला हवेत उडवून बघू नका, पाण्यातही सोडू नका. तो उपाशी आणि थकलेला असतो, पिसं भिजली असतील तर गारठलेलाही. खोक्यात, कोरड्या चादरीवर, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा.

त्याची चोच सुरीसारखी धारदार असते म्हणून लोक ती दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधतात. बूबीच्या बाबतीत यामुळे तो गुदमरून मरतो. पाण्यात सूर मारणारा पक्षी असल्याने त्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद झालेल्या असतात, तो तोंडाच्या कडेने श्वास घेतो. चोच बांधायची नाही, डोक्यावर चादर टाकायची आणि आपला चेहरा लांब ठेवायचा. सुरय (टर्न) पक्ष्यांनाही हीच खोक्याची पद्धत.

डांबराने माखलेला पक्षी घरी धुवायला घेऊ नका. धुण्याचा ताण तो सोसू शकत नाही. आधी ऊब, मग सलाईन, मग ताकद आल्यावर साबण, असा क्रम असतो, आणि तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

डॉल्फिन किंवा व्हेल जिवंत किनाऱ्याला लागला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका. अंग सरळ, पोटावर ठेवा, बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डा करा, ओल्या चादरींनी अंग झाका, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू अडकलं तेव्हा शासकीय यंत्रणा आणि गावकरी रात्रंदिवस झटले, ते खोल पाण्यात नेलंही गेलं, तरी ते वाचलं नाही. इतक्या मोठ्या प्राण्याचं स्वतःचं वजनच जमिनीवर त्याचे अवयव चिरडत असतं. म्हणून इथे मिनिटं मोलाची, फोन पहिला.

विहिरीतला बिबट्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कठडा नसलेल्या, गवताने झाकलेल्या चिरेबंदी विहिरी शेकड्यांनी आहेत. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो. तो पोहू शकतो, पण किती वेळ? त्यामुळे वन विभागाला फोन केल्यावर तुम्ही करायचं एकच काम: त्याला टेकायला काहीतरी द्या. दोरांनी बांधलेली लाकडी बाज, टायर, केळीचे खुंट, सुका ओंडका, जे असेल ते आडोशाला राहून हळूच खाली सोडा. पंप चालू असेल तर बंद करा.

मग काठावरून मागे व्हा. पुढचं सगळं गर्दी किती आहे यावर ठरतं. पिंजरा खाली सोडला आणि वर शांतता असली तर बिबट्या बहुतेक वेळा स्वतःहून पिंजऱ्यात शिरतो. वर दोनशे माणसं ओरडत असतील तर तो पाण्यातच दबा धरून बसतो, थकतो, आणि कधी उसळी मारून बाहेर आलाच तर माणसांवर जातो. पोलीस पाटील, सरपंच यांनी त्या वेळी दोर लावून माणसं हटवली तर त्यांनी बिबट्याइतकाच गावाचाही जीव वाचवला.

आणखी काही, थोडक्यात

खवले मांजर अंगाचा गोळा करून बसलं तर ते उलगडायचा प्रयत्न करू नका. मुंग्या-वाळवीशिवाय ते काही खात नाही, त्यामुळे ते ठेवून घेण्यात अर्थ नसतो. धडधाकट असेल तर वन विभागाच्या उपस्थितीत लवकरात लवकर, रात्री, सापडलं त्याच भागात सोडणं उत्तम. आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका, खवल्यांसाठी शिकार करणारे तेही ग्रुप वाचतात.

भेकर किंवा ससा पाठलाग करून पकडू नका. भीतीने आणि धावपळीने त्यांचे स्नायू आतून खचतात आणि वरून बरा दिसणारा प्राणी दोन-चार दिवसांनीही दगावतो. डोळ्यांवर फडकं, शांतता आणि कमीत कमी हाताळणी.

बागेच्या नायलॉन जाळीत अडकलेला साप सर्पमित्रालाच सोडवू द्या. आपल्या सड्यावर फुरसं आहे, बांधावर घोणस आहे, दोन्ही विषारी. तुम्ही लांबून नजर ठेवा, म्हणजे तो गेला कुठे ते कळेल.

मेलेल्या माकडाला हात लावू नका. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी माणसाला हा ताप देऊ शकतात. वन विभाग आणि आरोग्य केंद्र दोघांनाही कळवा. कोल्हा, कांडेचोर, माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

उपचार केंद्रात काय होतं

गावकरी विचारतात, "बरं झालं ना, मग अजून का ठेवलंय?" जखम भरणं हा उपचाराचा अर्धाच भाग असतो. कासवाचं उदाहरण घेऊ. आल्यावर आधी सलाईन, रक्त तपासणी, गळ आहे का ते पाहायला एक्स-रे, मग प्रतिजैविकं. ते टाकीत सोडल्यावर कित्येकदा एका बाजूने तरंगतं, एक कड पाण्याबाहेर. शरीरात हवा अडकलेली असते. असं कासव बुडी मारू शकत नाही, बुडी नाही म्हणजे अन्न नाही, आणि वर तरंगणाऱ्याला होडीचा पंखा लागतो. ते तळाशी जाऊन निवांत टेकेल, स्वतःहून वर येईल, मासा पकडून खाईल, तेव्हाच ते तयार झालं म्हणायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने.

घुबडाचं किंवा घारीचं पिल्लू वाढवताना चेहरा दिसू नये म्हणून पडद्याआडून भरवतात, त्याच्याशी बोलत नाहीत, नाव ठेवत नाहीत. नव्या स्वयंसेवकांना हे कठोर वाटतं. पण माणसाला आई समजलेलं घुबड पुढे माणसाच्या खांद्यावर येऊन बसतं, आणि कुणीतरी अपशकुनी म्हणून त्याला दगड मारतं. पिल्लावरचं प्रेम दाखवायचं ते त्याच्यापासून लांब राहून.

काही प्राणी वाचत नाहीत. काहींना वेदनेतून मुक्त करण्याचा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो. या कामात येणाऱ्याने हे आधीच मनाशी धरावं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात माणूस खचतो.

परत सोडणं

शक्यतो जिथे सापडला तिथेच. त्याला तिथलं पाणी, वाटा, भक्ष्य ठाऊक असतं. घुबड तिन्हीसांजेला, घार सकाळी ऊन चढल्यावर, कासव समुद्र शांत असताना. सोडण्याचा निर्णय वन विभागाचा, त्याची नोंद आणि पंचनामा होतो. पाहुणे, हार, भाषणं यांना तिथे जागा नसावी, असं माझं ठाम मत आहे. कासवाला भरतीच्या रेषेवर समुद्राकडे तोंड करून ठेवायचं आणि हात काढून घ्यायचे. पहिली लाट पोटाखाली शिरते तेव्हा पन्नास किलोचं ते ओझं क्षणात हलकं होतं, वल्हं एकदा फिरतं आणि ते दिसेनासं होतं. या कामाचं बक्षीस म्हणाल तर एवढंच, आणि त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रात्री जागतात.

त्या एका मादीचं मोल किती? कासवाला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि इतक्या काळात टिकणारी पिल्लं फारच थोडी. ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे आपल्या पुळणीवर वाचवलेलं कासव हे भारताच्या दुसऱ्या किनाऱ्याचंही असू शकतं.

वही ठेवा

माझ्या मते या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोंद. तारीख, जागा, प्राणी, दुखापत, कारण, शेवट. एवढे सहा रकाने. वर्षभराने वही उघडा, ती गावाबद्दल बोलू लागते. पाचपैकी तीन कासवं एकाच खाडीच्या तोंडाशी जाळ्यात अडकली असतील तर तिथल्या मच्छीमार सोसायटीशी बोलायचं, बंदरावर तुटकी जाळी टाकायला जागा मागायची. बिबट्या एकाच वाडीत दोनदा पडला तर ग्रामपंचायतीकडे त्या विहिरीच्या कठड्यासाठी, निदान लोखंडी जाळीसाठी अर्ज करायचा. महामार्गाच्या एकाच वळणावर कांडेचोर मरत असतील तर तिथे गतिरोधक हवा. बिबट्याला बाहेर काढून विहीर तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी तिथेच परत यायचं असतं. जखमी प्राण्याने येऊन दाखवलेलं कारण दूर झालं तरच त्याचा उपचार पूर्ण झाला.

मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. तिथे पूर्वी कासवांची अंडी चोरीला जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज तिथली माणसं पहाटे पुळणीवर पावलांचे माग शोधतात, आणि पिल्लं पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घराघरांत मोदक-भाकरी मिळते. गावाला जीव वाचवण्यातून चार पैसे मिळाले, आणि कासवांना राखणदार मिळाले.

यात उतरायचं असेल तर

थेट रेस्क्यूला धावू नका. पहिल्या हंगामात नोव्हेंबरपासून जवळच्या कासवमित्रासोबत पहाटेची फेरी सुरू करा: वेळास, आंजर्ले, गुहागर, जे जवळ असेल ते. माग ओळखायला शिका, अंडी हलवताना ती वरची बाजू वरच ठेवून, धक्का न लावता कशी हलवतात ते बघा. वन विभागाचं किंवा अनुभवी संस्थेचं प्रशिक्षण मिळत असेल तर घ्या. डॉक्टरांशी बोलून रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. एका पिशवीत जाड चामडी हातमोजे, बोथट कैची, दोन सुती चादरी, डोक्याला लावायचा टॉर्च, घडी केलेले दोन पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी, साबण, वही-पेन भरून ती दाराशी टांगून ठेवा. घरच्यांना आधीच सांगा की फोन रात्रीच येतात. पेट्रोलचा खर्च गावातल्या चार जणांनी वाटून घेतला तर तो कुणालाच जड होत नाही.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, गावच्या मच्छीमारांना आणि बागायतदारांना एका संध्याकाळी बोलवा. १९२६ क्रमांक, मागच्या बाजूखाली फळी देऊन पोटावर ठेवलेलं कासव, खोका कसा करायचा, एवढं प्रत्यक्ष करून दाखवा. आणि बूबीची चोच बांधायची नाही हे दोनदा सांगा, कारण पहिल्यांदा कुणी ते खरं धरत नाही.